छोटी फोर-व्हील ड्राइव्ह वाहने आणि ऑफ-रोड क्षमता

छोटी फोर-व्हील ड्राइव्ह वाहने म्हणजे इंजिनाची शक्ती चारही चाकांना पुरवण्याची सोय असलेली, साधारणतः चार मीटरपर्यंत लांबीची वाहने होत. भारतात मारुती जिप्सी, मारुती सुझुकी जिमनी आणि महिंद्रा थार ही या वर्गातील परिचित वाहने आहेत. पक्का रस्ता सोडून दगड, चिखल, वाळू किंवा तीव्र चढ पार करण्याच्या सामर्थ्यास ऑफ-रोड क्षमता म्हणतात. डोंगराळ व अरुंद वाटांवर ही वाहने आकाराने मोठ्या वाहनांच्या तोडीची, कधी त्यांहून सरस ठरतात. खाडीकाठच्या मऊ जमिनीवर, उदाहरणार्थ मीरा-भाईंदर परिसरात, त्यांच्या मर्यादा लवकर उघड होतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राचा या वाहनांशी जुना संबंध आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद (नंतर महिंद्रा अँड महिंद्रा) या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. तिच्याच परंपरेतील थार २०१० मध्ये बाजारात आली. २०२० मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या पिढीचे उत्पादन नाशिक येथे होते.

दुसरी परंपरा जपानी आहे. सुझुकीची पहिली जिमनी १९७० साली केवळ ३५९ घनसेंमी क्षमतेच्या इंजिनासह आली. तिच्या पुढील पिढीवर आधारित जिप्सी भारतात डिसेंबर १९८५ मध्ये दाखल झाली. सुरुवातीला तिच्यात ९७० घनसेंमीचे, सुमारे ४५ अश्वशक्तीचे इंजिन होते. तिने भारतीय लष्करात दीर्घकाळ सेवा बजावली. नागरी ग्राहकांसाठीचे तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. पाच दरवाजांची जिमनी जून २०२३ मध्ये विक्रीस आली.

क्षमता ठरवणारे घटक

अश्वशक्ती हा येथे दुय्यम घटक आहे. त्याहून महत्त्वाची असते ती ‘लो रेंज’, म्हणजे चाकांचा वेग कमी करून त्यांचे बल वाढवणारी गिअरची जादा जोडी. तिच्यामुळे लहान इंजिनाचे वाहनही क्लच न जाळता दगडी चढ सावकाश चढते आणि उतारावर इंजिनाच्या रोधाने ताब्यात राहते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या पण लो रेंज नसलेल्या वाहनांना निसरड्या रस्त्यावर चांगली पकड मिळते. तीव्र चढावर मात्र ती मागे पडतात. सर्वच थार फोर-व्हील ड्राइव्ह असतात हा समजही चुकीचा आहे, कारण २०२३ पासून तिचा केवळ मागील चाकांवर चालणारा प्रकारही विकला जातो.

दुसरा घटक भूमितीचा. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर कमी असेल, तर उंचवट्याच्या माथ्यावर वाहनाचे पोट टेकत नाही. जपानमधील तीन दरवाजांच्या जिमनीत हे अंतर २,२५० मिमी आहे. भारतीय पाच दरवाजांच्या आवृत्तीत ते २,५९० मिमी झाले आणि उंचवटा ओलांडण्याचा कोन सुमारे २८ अंशांवरून २४ अंशांवर आला. कुटुंबासाठी मिळालेल्या जागेची ही किंमत आहे.

तिसरा घटक वजनाचा. जिप्सी सुमारे एक टन, जिमनी सुमारे १,२०० किलो, तर थार १,७०० किलोंहून अधिक वजनाची आहे. हलके वाहन मऊ जमिनीत कमी रुतते आणि रुतल्यास थोड्या माणसांना ढकलून काढता येते. टायरमधील हवा कमी केली की टायर पसरून जमिनीवरील दाब आणखी घटतो.

साध्या डिफरन्शियलमुळे एक चाक अधांतरी झाले की शक्ती त्याच चाकातून वाया जाते. फोर्स गुरखा या पुण्याच्या कंपनीच्या वाहनात यावर उपाय म्हणून दोन्ही आसांचे डिफरन्शियल यांत्रिकरीत्या बंद करता येतात. जिमनी घसरणाऱ्या चाकावर ब्रेक लावून तोच परिणाम काही प्रमाणात साधते.

मीरा-भाईंदर परिसरात

मीरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा किनारा आणि आग्नेयेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची टेकाडे आहेत. उत्तन, चौक, पाली या गावांतील अरुंद रस्त्यांवर लहान वाहन सोयीचे पडते.

खाडीचा चिखल मात्र भातखाचरातील चिखलासारखा नसतो. खाचरात थोड्या खोलीवर घट्ट थर लागतो. खाडीत पाण्याने भरलेला बारीक गाळ खोलवर असतो. चाके फिरत राहिली की वाहन चासिपर्यंत बसते. मग चारही चाके जागीच फिरतात आणि डिफरन्शियल लॉकही निरुपयोगी ठरतो. ओहोटीनंतर सुमारे सहा तासांत भरती पूर्ण होते; अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी नेहमीपेक्षा वर चढते. त्यामुळे येथे अडकणे म्हणजे काही तासांत वाहन गमावणे ठरू शकते. सुटकेसाठी घट्ट जमिनीवर उभे असलेले दुसरे वाहन लागते. खारफुटीच्या झाडाला विंचची तार बांधणे हा पर्याय नव्हे: ही झाडे संरक्षित आहेत आणि त्यांची मुळे उथळ असतात. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मधील निकालात कांदळवनांचा नाश रोखण्याचे आदेश देऊन भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही बांधकाममुक्त ठेवण्यास सांगितले. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय वाहन नेता येत नाही.

पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांवर चार चाकांच्या शक्तीपेक्षा इंजिनाच्या हवेच्या मार्गाची उंची निर्णायक असते. थारसाठी ६५० मिमी खोलीची मर्यादा सांगितली जाते, पण ती सावकाश चालवलेल्या वाहनासाठी आहे. वेगाने गेल्यास समोर लाट उसळते आणि सिलिंडरमध्ये पाणी शिरले की कनेक्टिंग रॉड वाकतो. खाऱ्या पाण्यातून गेलेल्या वाहनाचा तळ त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावा लागतो.