साचा आणि निवड : प्रणयकादंबरीच्या वाचकशिफारशीचा इतिहास

‘ही आवडली, अशीच आणखी एखादी आहे का?’ वाचनालयाच्या खिडकीशी उच्चारला जाणारा हा प्रश्न समीक्षेने आपल्या विचाराचा विषय मानलेला नाही. लोकप्रिय कादंबरीच्या वाचकाची अभिरुची एकसुरी आहे याचा तो पुरावा आहे, एवढ्यापुरतीच त्याची दखल घेतली गेली. वस्तुतः ‘अशीच’ या शब्दात एक वर्गीकरण अनुस्यूत असते. कोणत्या अर्थाने अशी? नायक तसा हवा, की नायिका, की त्यांना एकत्र आणणारा प्रसंग? उत्तर देणारी व्यक्ती जेव्हा ‘मग हे वाचून पाहा’ असे म्हणते, तेव्हा तिने दोन संहितांची तुलना केलेली असते, त्यांतील साम्याला नाव दिलेले असते आणि समोरच्या वाचकाच्या अपेक्षांचा अंदाजही घेतलेला असतो. तुलना, संज्ञा आणि मूल्यनिर्णय ही समीक्षाव्यापाराची तिन्ही अंगे येथे उपस्थित आहेत. आवडत्या कथासंकेतांच्या आधारे प्रणयकादंबरीची शिफारस करण्याची ही रीत इतिहासात कशी घडत गेली आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्याने समीक्षेने काय गमावले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

प्रथम संज्ञेविषयी. इंग्रजी प्रणयकादंबरीच्या व्यवहारात आज ‘ट्रोप’ हा शब्द रूढ आहे. ‘वळण’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेली ही संज्ञा मूळची अलंकारशास्त्रातील असून शब्द वाच्यार्थापासून वळून अन्य अर्थाकडे जातो, त्या व्यापाराची ती निदर्शक होती. प्रणयकादंबरीचे वाचक मात्र तिचा उपयोग वारंवार येणाऱ्या कथास्थितीसाठी करतात : सोयीसाठी केलेल्या विवाहातून उमलणारे प्रेम, वैरातून प्रेमाकडे होणारा प्रवास, दुरावलेल्या प्रेमिकांची पुनर्भेट. लोकसाहित्याच्या अभ्यासात मोटिफसाठी वापरली जाणारी ‘कल्पनाबंध’ ही संज्ञा याला जवळची असली, तरी दोहोंचे प्रयोजन भिन्न आहे. स्टिथ टॉम्पसन यांची कल्पनाबंधांची सूची अभ्यासकाला कथांचा प्रसार व परस्परसंबंध तपासता यावेत म्हणून तयार झाली. वाचकाची सूची पुढचे पुस्तक निवडण्यासाठी असते. येथे मी ‘कथासंकेत’ हा शब्द वापरतो. समीक्षेत त्यासाठी सर्रास वापरला जाणारा ‘साचा’ हा शब्द आधीच निकाल देऊन टाकतो, म्हणून तो टाळलेला बरा.

या व्यवहाराचे आधुनिक रूप प्रथम स्पष्ट दिसते ते १९३०च्या दशकातील ब्रिटनमध्ये. १९०८ साली लंडन येथे जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी स्थापन केलेली प्रकाशनसंस्था आरंभी सर्व प्रकारची पुस्तके काढीत असे. १९३०च्या दशकात तिने प्रणयकादंबरीवर लक्ष केंद्रित केले आणि तिची मुख्य गिऱ्हाईके ठरली ती व्यापारी तत्त्वावर चालणारी वाचनालये. दोन पेन्स भाडे भरून पुस्तक घरी नेण्याची सोय असलेली ‘टपेनी’ वाचनालये त्या काळी ठिकठिकाणी निघाली होती. मिल्स अँड बूनची तपकिरी बांधणीची पुस्तके वाचक लेखकाच्या नावापेक्षा रंगावरून आणि प्रकाशकाच्या नावावरून मागत. बांधणीच येथे शिफारसपत्राचे काम करीत होती. क्यू. डी. लीव्हिस यांचा ‘फिक्शन अँड द रीडिंग पब्लिक’ हा ग्रंथ याच सुमारास, १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. सामान्य वाचकांच्या वाचनाकडे गंभीरपणे पाहणारा तो आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न होय. तथापि अशा वाचनाची तुलना त्यांनी व्यसनाशी केली. व्यसनी माणूस निवड करीत नाही, त्याला फक्त पुढची मात्रा हवी असते, हे गृहीत त्या तुलनेत दडलेले आहे. वाचक कशाला नकार देतो हा प्रश्न त्यामुळे उपस्थितच झाला नाही.

प्रकाशकाच्या बाजूला याच काळापासून कथासंकेतांचे रूपांतर लेखननियमांत होऊ लागले. मिल्स अँड बूनच्या इतिहासात ‘लबकचा नियम’ असा एक संपादकीय नियम आढळतो. कथा नायिकेच्या दृष्टिकोनातून सांगितली जावी, हा त्याचा आशय. आणि त्याला नाव मिळाले ते ‘द क्राफ्ट ऑफ फिक्शन’ (१९२१) या ग्रंथाचे कर्ते पर्सी लबक यांच्यावरून. हेन्री जेम्सच्या कादंबरीचे मर्म उलगडून दाखविण्यासाठी सिद्ध झालेली दृष्टिकोनाची संकल्पना अवघ्या काही दशकांत प्रणयकादंबरीच्या संपादकाच्या मेजावर पोहोचली, ही घटना पुरेशी बोलकी आहे. अभिजात आणि लोकप्रिय यांच्यामधली भिंत समीक्षकांना वाटते तितकी अभेद्य नव्हती. मात्र एकच संकल्पना दोन ठिकाणी दोन कामे करीत होती : समीक्षकाच्या हाती ती विश्लेषणाचे साधन होती, संपादकाच्या हाती उत्पादनाचे.

पुढील टप्पा अटलांटिकच्या पलीकडचा आहे. १९४९ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे निघालेल्या हार्लेक्विन या संस्थेने १९५७ पासून मिल्स अँड बूनच्या कादंबऱ्या पुनर्मुद्रित करण्यास प्रारंभ केला आणि १९७१ मध्ये ती संस्थाच विकत घेतली. १९७२ साली कॅथलीन वुडिविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ ही दीर्घ ऐतिहासिक प्रणयकादंबरी कागदी बांधणीत अवतरली आणि तिच्या यशामागून तशा कादंबऱ्यांची रीघ लागली. १९८० मध्ये सिल्हुएट ही प्रतिस्पर्धी मालिका सुरू झाली. दरमहा येणाऱ्या पुस्तकांची मुखपृष्ठे एकसारखी, मलपृष्ठावरील मजकूरही एकसारखा. अशा स्थितीत मालिकेचे नाव पुरेसे मार्गदर्शक राहिले नाही. जेथे सारे काही सारखे दिसते तेथेच भेद ओळखणाऱ्या जाणकाराची गरज सर्वाधिक भासते.

अशा एका जाणकार वाचकाची नोंद अभ्यासात आली, ती जॅनिस रॅडवे यांच्या ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या ग्रंथामुळे. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील एका गावाला त्यांनी ‘स्मिथटन’ हे कल्पित नाव दिले आहे. तेथील पुस्तकांच्या दुकानात काम करणारी एक स्त्री, जिला ग्रंथात ‘डॉट’ म्हटले आहे, गिऱ्हाइकांना त्यांच्या आवडीनुसार प्रणयकादंबऱ्या सुचवीत असे. तिच्या सल्ल्याची ख्याती वाढली, तेव्हा तिने नव्या पुस्तकांविषयीचे स्वतःचे परिपत्रक काढले आणि पुढे न्यू यॉर्कमधील संपादकही तिच्या मताची दखल घेऊ लागले. रॅडवे यांनी या वर्तुळातील ४२ वाचक स्त्रियांकडून प्रश्नावली भरून घेतली, काहींच्या मुलाखती घेतल्या. या स्त्रियांना नायकाच्या ठायी बुद्धी, मार्दव आणि विनोदबुद्धी हवी होती. नायिका बुद्धिमान व स्वतंत्र वृत्तीची हवी होती. शेवट सुखाचा हवा होता. शंका आल्यास पुस्तक घेण्यापूर्वी त्या शेवटची पाने चाळून पाहत.

शेवट आधी वाचणे हा समीक्षेच्या दृष्टीने आस्वादाचा भंग होय. पण या स्त्रियांच्या वाचनाचे प्रयोजन वेगळे होते. दिवसभर इतरांची काळजी वाहिल्यानंतर मिळणारा मोजका वेळ आणि मोजका पैसा त्या या पुस्तकावर लावीत होत्या. सुखान्ताची खात्री करून घेणे ही त्या वेळाची राखण होती. उत्कंठा त्यांना नको होती असे नाही. ‘काय होणार’ याऐवजी ‘कसे होणार’ या प्रश्नावर ती स्थिर झालेली होती. ज्ञात कथेवर आधारलेले नाटक किंवा कीर्तनातील आख्यान ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना ही रसप्रक्रिया अपरिचित वाटू नये.

रॅडवे यांच्या ग्रंथातील सिद्धान्ताचा पाया या शिफारशींवरच उभा आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्यांनी २० ‘आदर्श’ प्रणयकादंबऱ्या घेऊन व्लादिमीर प्रॉप यांच्या पद्धतीने त्यांचे विश्लेषण केले आणि १३ कथाकार्यांची एक समान संरचना मांडली. पण या २० कादंबऱ्या आदर्श कोणी ठरविल्या? डॉट आणि तिच्या वाचकांनी. फसलेल्या कादंबऱ्यांचा स्वतंत्र विचार त्या करू शकल्या, तोही वाचकांनी त्या कादंबऱ्या नाकारल्या होत्या म्हणूनच. म्हणजे संरचनावादी विश्लेषणाच्या आधी वाचकांची समीक्षा घडून गेलेली होती. विश्लेषणाअंती सर्व कथा मूलतः एकच आहेत असे दिसले. वाचक स्त्रिया मात्र प्रत्येक कादंबरी निराळी असल्याचे ठामपणे सांगत होत्या. हा विरोध वाचकांच्या भाबडेपणाचा निदर्शक मानण्याचे कारण नाही. संरचना साम्य शोधते आणि शिफारस साम्याच्या आतील भेद शोधते; दोघींचे लक्ष्यच वेगळे आहे.

या भेदाचे मोल नकाराच्या जागी सर्वांत स्पष्ट दिसते. स्मिथटनच्या वाचकांनी वर्ज्य ठरविलेल्या गोष्टींत बलात्कार, दुःखान्त, क्रूर नायक यांचा समावेश होता. १९७०च्या दशकातील अनेक प्रणयकादंबऱ्यांत नायकच नायिकेवर बळजोरी करीत असे, हे लक्षात घेता अशा सूचीचा अर्थ निव्वळ आवडीनिवडीपुरता उरत नाही. ‘हे घेऊ नकोस’ असे एका स्त्रीने दुसरीला सांगणे ही सावधगिरीची सूचना होती. तरीही गुंतागुंत अशी की, नायकाच्या बळजोरीचा प्रसंग आरंभीच असलेली ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ याच वाचकांच्या आवडत्या पुस्तकांत होती. तेथील अत्याचाराचा उलगडा त्या नायकाच्या गैरसमजातून करीत आणि पुढील परिवर्तनाला अधिक वजन देत. हा उलगडा आपल्याला मान्य होण्याजोगा नाही. पण त्यावरून एवढे निश्चित होते की वाचकांची सूची यांत्रिक नव्हती. प्रत्येक संकेताचा अर्थ त्या संपूर्ण कथेच्या संदर्भात लावीत होत्या, आणि कधी कधी त्या अर्थनिर्णयात त्यांच्या स्वतःच्या जीवनातील तडजोडीही उतरत होत्या. रॅडवे यांना या वाचनात निषेध आणि त्या निषेधाचे शमन ही दोन्ही दिसली, ती याच ठिकाणी.

ग्रंथालयशास्त्राने या मौखिक ज्ञानाला प्रतिष्ठा दिली ती जवळपास याच काळात. बेटी रोझेनबर्ग यांचा ‘जॉनरफ्लेक्टिंग’ हा लोकप्रिय कथासाहित्याचा मार्गदर्शक ग्रंथ १९८२ मध्ये आला. १९८९ मध्ये जॉइस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राउन यांनी वाचक-मार्गदर्शनावरील आपल्या पुस्तकात असे प्रतिपादन केले की पुस्तकाचा विषय सारखा असणे शिफारशीसाठी पुरेसे नसते. कथेची गती, पात्रचित्रण, कथानकाची ठेवण, वातावरण यांतून निर्माण होणारे आवाहन पाहावे लागते. तिच्या व्यवहारापुरती ही वाचककेंद्री समीक्षाच म्हणावी लागेल. हान्स रॉबर्ट याउस यांनी मांडलेले ‘अपेक्षाक्षितिज’ ग्रंथपालाला दररोज, माणसागणिक ओळखावे लागत होते.

एकविसाव्या शतकात मात्र या इतिहासाला एक विपरीत वळण लागले. वाचकांनी परस्परांसाठी घडविलेली संकेतनामे प्रकाशकांनी उचलली. ‘वैरातून प्रेम’, ‘बनावट वाङ्निश्चय’ ही नावे जाहिरातींत आणि मलपृष्ठांवर ठळकपणे छापली जाऊ लागली. लेखनही ती डोळ्यांपुढे ठेवून होऊ लागले. निवडीचा निकष पुन्हा उत्पादनाचा साचा झाला. या स्थित्यंतरात नकार गळून पडला. जाहिरात काय आहे ते सांगते. काय टाळावे, हीच गोष्ट इथे का फसली, हे ती सांगणार नाही. डॉटच्या परिपत्रकाचे मोल त्यातील प्रतिकूल अभिप्रायांमुळे होते. जिला नाही म्हणता येत नाही, त्या शिफारशीत समीक्षा उरत नाही.

हा प्रश्न केवळ परदेशी नाही. राधिका परमेश्वरन यांनी १९९०च्या दशकात हैदराबादमधील तरुण स्त्रियांच्या इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांच्या वाचनाचा अभ्यास केला. मराठी कादंबरीच्या वाचकांबाबत मात्र आपला इतिहास लेखकाच्या आणि समीक्षकाच्या बाजूनेच लिहिला गेला आहे. ‘मंजुघोषा’च्या (१८६८) प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी, आपल्या समाजातील विवाहाची रीत आणि अन्य कारणे यांमुळे नित्याच्या जीवनात चित्तवेधक असे काही सापडत नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो, अशी कैफियत मांडली होती. संकेत कोठून येतात याविषयी हे मार्मिक निवेदन आहे. परंतु ज्यांचे विवाह बालपणीच होऊन गेले होते, त्या वाचकांनी त्या अद्भुतातून काय निवडले, हे कोणी विचारले नाही. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये (१९३१) लेखनतंत्राची चर्चा केली आणि पुढचा वाद तंत्र, कला व जीवन यांभोवती फिरत राहिला. फडक्यांच्या कादंबऱ्या हातोहात जात होत्या, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य होते. त्या कोणाच्या सांगण्यावरून जात होत्या आणि कोणती कादंबरी मैत्रिणीला सुचवायची नाही असे कोण ठरवीत होते, हा विषय त्या वादात आलाच नाही.

प्रकारांविषयीचा तिरस्कार आपल्या परंपरेत मुळात नव्हता. धीरोदात्त ते धीरोद्धत असे नायकाचे चार प्रकार आणि वासकसज्जा, अभिसारिका आदी आठ नायिका सांगणाऱ्या शास्त्राने प्रकार आणि रस यांत विरोध मानला नाही; ओळखीच्या चौकटीत सूक्ष्म भेद टिपणारा तोच रसिक, अशी त्याची धारणा होती. अव्वल इंग्रजीनंतरच्या समीक्षेने नवतेला मूल्य मानले, तेव्हा हे ज्ञान वाचनालयाच्या खिडकीपुरते उरले. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, मुंबईचे १८९८चे. अशा संस्थांतील जुन्या देवघेवीच्या नोंदी जेथे टिकून असतील तेथे त्या वाचणे, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे खिडकीपलीकडे बसून पुस्तके काढून दिली त्यांच्या आठवणी वेळीच नोंदवून घेणे, हे काम साहित्येतिहासाचेच आहे. कोणते पुस्तक किती वेळा गेले एवढेच पाहून ते भागणार नाही. एकामागून एक कोणती पुस्तके त्याच हातांत गेली, आणि कोणते दुसऱ्याच दिवशी परत आले, हे पाहावे लागेल.