भूकंपप्रवण भागातील सुरक्षित घर

भूकंपप्रवण भागातील सुरक्षित घर : तीव्र भूकंपात भेगा पडल्या, गिलावा सुटला तरी जे कोसळत नाही आणि आतल्या माणसांना जिवंत बाहेर पडू देते, असे घर. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगणारी खात्रीची पद्धत अद्याप सापडलेली नाही. महाराष्ट्रातील दोन मोठे प्राणघातक भूकंप, कोयनानगरचा (११ डिसेंबर १९६७) आणि किल्लारीचा (३० सप्टेंबर १९९३), पहाटे चारच्या आसपास झाले. गाव झोपेत होते. त्या वेळी जगणे-मरणे ठरले ते घराच्या बांधणीवर. म्हणून भूकंपसुरक्षेचा विचार बांधकामापासून सुरू होतो. धक्का बसल्यावर काय करावे हा त्यानंतरचा भाग आहे.

भूकंपक्षेत्रे : भारतीय मानक ब्युरोने २००२ मध्ये सुधारलेल्या संहितेत देशाची दोन ते पाच अशी चार क्षेत्रे केली, पाचवे सर्वाधिक धोक्याचे. त्यात कोयना परिसर चौथ्या, तर मुंबई व पुणे तिसऱ्या क्षेत्रात आले. किल्लारीचा भाग १९९३ पर्यंत सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणला जात होता. भूकंपानंतर तो तिसऱ्या क्षेत्रात घेण्यात आला. नकाशावरील खालचा क्रमांक म्हणजे अभय नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात १९६० च्या दशकात पाणी साठू लागल्यापासून त्या परिसरात धक्के सुरू झाले. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे हे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण असून, १९६७ च्या ६.३ प्रतीच्या धक्क्यात सुमारे १८० माणसे दगावली.

किल्लारीत घरे का पडली : किल्लारीच्या भूकंपाची प्रत ६.२ होती. जगात या प्रतीचे भूकंप दरवर्षी होतात. पण येथे सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. केंद्र उथळ होते हे एक कारण. घरांची बांधणी हे दुसरे. मराठवाड्यातील जुन्या घराची भिंत ६० सेंमी.पासून मीटरभरापर्यंत जाड असे. गवंडी बाहेरच्या व आतल्या बाजूने दगडांचे दोन थर चढवी आणि मधल्या पोकळीत माती व बारीक दगड भरी. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड बहुधा नसे. धक्क्याबरोबर हे थर एकमेकांपासून सुटले. एक अंगणात, दुसरा झोपलेल्या माणसांवर आला.

वर माळवद होते. लाकडी तुळया आणि फळ्यांवर अंथरलेला मातीचा हा थर उन्हाळ्यात घर गार ठेवतो. गळती थांबवण्यासाठी त्यावर वर्षानुवर्षे नवी माती पडत गेली. अर्धा मीटर जाड मातीचे वजन दर चौरस मीटरला ८०० किग्रॅ.च्या आसपास भरते. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर सात टनांहून अधिक. अनेक घरांत लाकडी खांब व तुळया उभ्या राहिल्या आणि भिंतीच तेवढ्या ढासळल्या. दगड किंवा माती हे साहित्य मुळात वाईट नाही. भिंतीत बांधणूक नसणे आणि डोक्यावर अवाजवी भार असणे, हे या जीवितहानीचे कारण होते.

नवे बांधकाम : घराचा आराखडा साधा व चौकोनी असावा. दगडी भिंत ४५ सेंमी.पेक्षा जाड करू नये. दर ६० सेंमी. उंचीवर आणि आडव्या अंगाने जास्तीत जास्त १.२ मी. अंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणारा दगड बसवावा. तेवढा लांब दगड न मिळाल्यास सळईसह काँक्रीटचा ठोकळा चालतो. जोते, लिंटेल आणि छत या पातळ्यांवर सळयांचा काँक्रीट पट्टा सर्व भिंतींवरून अखंड फिरवावा. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जशी आवळून धरते, तसा हा पट्टा चारही भिंती एकत्र धरतो. तो फक्त दारे-खिडक्यांवर टाकून मध्ये तोडला, तर उपयोग राहत नाही. कोपऱ्यांत उभ्या सळया घालाव्यात आणि दारे-खिडक्या कोपऱ्याला खेटून काढू नयेत.

जुन्या घराचे मजबुतीकरण : किल्लारीनंतर लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या कार्यक्रमातून नव्या जागी वसवण्यात आली. त्याहून कितीतरी अधिक गावांत जुनी घरे दुरुस्त करून मजबूत करण्याचा मार्ग स्वीकारला गेला. त्याची कामे साधी आहेत : माळवदावरील जादा माती उतरवून पाणी न झिरपणारा पातळ थर देणे, भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरणे, खांब व तुळईच्या सांध्यात तिरके टेकू बसवणे, लिंटेलच्या वर भिंतीच्या दोन्ही अंगांनी तारेची जाळी ठोकून सिमेंटच्या गिलाव्याचा पट्टा ओढणे. स्थानिक गवंडी व सुतार अभियंत्याच्या देखरेखीखाली ही कामे करू शकतात.

शहरी इमारती : काँक्रीटची इमारत आपोआप सुरक्षित ठरत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून २०० किमी.हून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील अनेकींच्या तळमजल्यावर वाहनतळासाठी भिंती न घालता नुसते कॉलम ठेवले होते. वरचे मजले भिंतींमुळे ताठ राहतात, सारा हेलकावा खालच्या कॉलमांवर येतो आणि ते मोडतात. पुण्या-मुंबईत अशी रचना सर्रास दिसते. कॉलममधील रिंगांची टोके काटकोनात न ठेवता १३५ अंशांपर्यंत आत वळवावी लागतात. नाहीतर हादऱ्यात रिंगा उघडतात आणि उभ्या सळया वाकतात. घर घेणाऱ्याने संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र मागावे. नूतनीकरणात कॉलम किंवा बीम फोडू देऊ नये.

घरातील तयारी व वर्तन : कपाटे आणि फडताळे भिंतीला पट्टीने जखडावीत. पलंगाच्या वर जड तसबिरी किंवा माळ्यावरील भांडी नसावीत. उशाशी विजेरी आणि चपला ठेवाव्यात. धक्का जाणवताच मजबूत टेबलाखाली बसून डोके झाकावे व टेबलाचा पाय धरून राहावे. हादरे चालू असताना जिन्याने धावू नये, लिफ्ट वापरू नये. दगड-मातीच्या जड छपराच्या घरात तळमजल्यावर उघडे दार दोन-चार पावलांवर असेल, तर मात्र मोकळ्या जागेत निघावे. बाहेर असल्यास भिंती, विजेचे खांब व तारा यांपासून दूर थांबावे. धक्का थांबल्यावर गॅसचा रेग्युलेटर व विजेचा मुख्य स्विच बंद करावा. पश्चात धक्के येतच राहतात. तडे गेलेल्या घरात अभियंत्याने पाहिल्याशिवाय झोपायला जाऊ नये. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून महिनोन्‌महिने लहान धक्के बसत राहिले आणि लोकांनी थंडीत तंबूंत रात्री काढल्या. अशा धक्क्यांच्या मालिकेत शाळा, अंगणवाड्या व घरे तपासून घेण्याचे काम तातडीने करायला हवे. किल्लारीलाही १९९२ मध्ये छोटे धक्के जाणवले होते.

महाराष्ट्रात दगड-मातीची व माळवदाची घरे आजही वापरात आहेत. वाढीव खोल्या आणि वरचे मजले पट्ट्याविना चढत आहेत. मजबुतीकरणाचा खर्च नव्या घराच्या मानाने थोडा असतो. माळवदाची माती उतरवायला तर मुख्यतः मजुरीच लागते. भूकंप होऊन गेल्यावर मदत पाठवणे समाजाला जमते. त्याआधी प्रत्येक गावाने आपली घरे तपासून घेणे, आणि ग्रामपंचायतीने त्यासाठी अभियंत्याला गावात बोलावणे, हेच जीव वाचवणारे काम आहे.