लशीच्या संरक्षणाची मुदत : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

लशीमुळे मिळालेले संरक्षण किती काळ टिकते, हा करोनाकाळात वर्धा जिल्ह्यातही विचारला गेलेला प्रश्न लसीकरणाइतकाच जुना आहे. 1796 मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी देवीविरुद्ध लशीचा प्रयोग केला आणि 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली, तेव्हा एकदा देवी काढल्या की जन्मभराची निश्चिंती होते, असा समज होता. पुढे लहानपणी टोचलेल्या प्रौढांनाही देवी येऊ लागल्या, म्हणून पुनर्लसीकरण, म्हणजे काही वर्षांनी पुन्हा टोचणे, आवश्यक ठरले. 1874 च्या जर्मन कायद्याने ते बाराव्या वर्षी सक्तीचे केले.

या इतिहासाशी वर्ध्याचे नाते दुहेरी आहे. 1936 पासून सेवाग्रामात वास्तव्य केलेल्या महात्मा गांधींनी देवीच्या लशीला आपल्या लेखनातून विरोध केला होता. मात्र त्यांच्या सहवासात वैद्यकीय सेवा केलेल्या डॉ. सुशीला नय्यर 1962 मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री झाल्या, त्याच वर्षी राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, आणि 1969 मध्ये त्यांनी सेवाग्रामात महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. 1977 मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला आणि रोगच उरला नाही, तेव्हा पुन्हा टोचण्याची गरजही संपली.

करोनाच्या बाबतीत ती सोय नव्हती. ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झालेल्या कोविशील्ड या करोनाप्रतिबंधक लशीच्या भारतीय चाचणीत सुमारे 1,600 स्वयंसेवक होते आणि सेवाग्रामची संस्था तिच्या केंद्रांपैकी एक होती. त्या चाचणीत दोन मात्रांत चार आठवड्यांचे अंतर होते. 16 जानेवारी 2021 रोजी देशव्यापी लसीकरण सुरू झाल्यावर मे महिन्यात हे अंतर 12 ते 16 आठवडे करण्यात आले. 10 जानेवारी 2022 पासून आरोग्य कर्मचारी, आघाडीवरील कर्मचारी आणि सहव्याधी असलेले ज्येष्ठ यांना दुसऱ्या मात्रेनंतर नऊ महिन्यांनी खबरदारीची मात्रा मिळू लागली, आणि जुलैमध्ये ही नऊ महिन्यांची मुदत सहा महिन्यांवर आली.

खबरदारीच्या मात्रेमागे शरीराचे दोन वेगवेगळे व्यवहार आहेत. विषाणूला चिकटून त्याला पेशीत शिरू न देणारी प्रतिपिंडे, म्हणजे रक्तातील संरक्षक प्रथिने, काही महिन्यांत घटतात, आणि ओमायक्रॉनसारख्या बदललेल्या विषाणूपुढे ती आणखी अपुरी पडतात, म्हणून लस घेतलेल्यालाही संसर्ग होतो. परंतु विषाणूची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी अधिक काळ टिकतात, त्यामुळे गंभीर आजार आणि मृत्यू यांपासूनचे संरक्षण त्यामानाने दीर्घ राहते.

संरक्षणाची मुदत लस तयार होतानाच सांगता येत नाही. लस घेतलेल्या माणसांचे दीर्घकाळ निरीक्षण करूनच ती कळते. म्हणून मात्रांचे वेळापत्रक बदलणे हे लस फसल्याचे लक्षण नसून ज्ञान वाढल्याचे लक्षण आहे, आणि ही गोष्ट गावोगावच्या वृद्धांपर्यंत स्पष्ट शब्दांत पोहोचवणे हा लसीकरणाचाच आवश्यक भाग आहे.