लेकुरवाळी इतिहासकार

इतिहास लिहिणाऱ्याच्या नावामागे पदव्यांची रांग असावी, अशी आपली समजूत असते. अमेरिकेच्या बार्बरा टकमन यांच्या नावामागे ती नव्हती. १९३३ साली रॅडक्लिफ महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या, तेवढीच त्यांची विद्यापीठीय पुंजी. तरीही १९६३ आणि १९७२ असे दोनदा पुलित्झर पारितोषिक त्यांना लाभले; आणि या लेखनाचा पाया घातला गेला तो तीन मुलींचे संगोपन करीत असताना.

३० जानेवारी १९१२ रोजी न्यूयॉर्कमधील एका सधन यहुदी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांनी टोकियोत एका संशोधन संस्थेचे काम केले, १९३७ साली यादवीत होरपळणाऱ्या स्पेनमधून वार्तापत्रे धाडली. १९४० साली डॉक्टर लेस्टर टकमन यांच्याशी त्या विवाहबद्ध झाल्या. हिटलरच्या फौजा युरोप तुडवीत होत्या. अशा जगात मूल आणू नये, असे पतीला वाटे. बार्बराबाईंचे म्हणणे निराळे होते. बऱ्या दिवसांची वाट पाहत बसलो तर जन्मभर वाटच पाहावी लागेल. मूल हवे असेल तर ते आताच. नऊ महिन्यांनी त्यांच्या थोरल्या कन्येचा जन्म झाला. विवाहाच्या तयारीसाठी येणाऱ्या तरुण जोडप्यांना ही हकिकत आम्ही आवर्जून सांगतो.

पुढे पती युद्धावर गेले, बाईंनी सरकारी युद्धवार्ता कचेरीत अतिपूर्वेचे काम पाहिले. युद्धानंतर आणखी दोन मुली झाल्या. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले, तेव्हा इंग्लंड आणि पॅलेस्टाइन यांच्या जुन्या संबंधांवर लिहावे असे त्यांच्या मनाने घेतले. ते पुस्तक बाहेर पडले १९५६ साली. मधली वर्षे कशी गेली असतील, हे आमच्या धर्मग्रामांतील मातांना सांगायला नको. टिपणे त्या लहान कार्डांवर काढीत, कारण ती पिशवीत मावत. आणि कागदपत्रांवर भागले नाही, तर प्रत्यक्ष जागेवर जात. १९१४ च्या महायुद्धाच्या पहिल्या महिन्यावर लिहिताना, १९५९ च्या ऑगस्टमध्ये, त्यांनी एक छोटी रेनॉल्ट मोटार भाड्याने घेतली आणि बेल्जियम व उत्तर फ्रान्स पालथा घातला. फौजा ज्या शेतांतून गेल्या तेथे त्या महिन्यात पीक कसे उभे असते, लिएजजवळ म्यूज नदीचे पात्र किती रुंद आहे, हे डोळ्यांनी पाहिले. ‘द गन्स ऑफ ऑगस्ट’ हा तो ग्रंथ १९६२ साली आला. त्याच वर्षी क्यूबाच्या पेचप्रसंगात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या मनात तो घोळत होता. राष्ट्रे गैरसमजापोटी युद्धात कशी घसरत जातात, ते त्यांनी त्यात वाचले होते.

आम्हांला अधिक अस्वस्थ केले ते त्यांच्या १९८४ सालच्या ‘द मार्च ऑफ फॉली’ने. राज्यकर्ते आपल्याच हिताविरुद्ध, धोक्याच्या सूचना मिळत असूनही, हट्टाने कसे वागतात, हा त्याचा विषय. ट्रॉयचा लाकडी घोडा आणि व्हिएतनाम यांच्या जोडीला त्यांनी चौथ्या सिक्स्टसपासून सातव्या क्लेमेंटपर्यंतचे सहा पोप बसविले आहेत. नातलगांना दिलेली कार्डिनलपदे, लढाया, दहाव्या लिओंची उधळपट्टी, आणि सुधारणेची हाक कानाआड केल्यामुळे दुभंगलेली ख्रिस्तसभा! प्रथम वाचताना आम्हांला राग आला. परक्या घरातील बाईने आमच्या घरची उणीदुणी काढावीत? मग आमचे सेमिनरीतील दिवस आठवले. या पोपांविषयी तेथे चार ओळी सांगून घाईने पान उलटले जाई. बाईंनी पान उलटले नाही, इतकेच. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या अपराधांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली, तेव्हा ते प्रकरण आम्ही पुन्हा काढून वाचले. या वेळी राग आला नाही. लाज मात्र वाटली.

तरी एक तक्रार उरतेच. चौदाव्या शतकावरील त्यांच्या ‘अ डिस्टंट मिरर’मध्ये प्लेग आहे, १३७८ पासूनची पोपपदाची फाटाफूट आहे, सरदारांचा डामडौल आहे, पण त्याच काळात गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या अडाणी माणसाच्या श्रद्धेचा ओलावा त्यांच्या हाती फारसा लागलेला नाही, असे आमचे मत आहे.

६ फेब्रुवारी १९८९ रोजी त्या निवर्तल्या. ‘द गन्स ऑफ ऑगस्ट’मध्ये ‘गोबेन’ या जर्मन युद्धनौकेचा भूमध्य समुद्रात इंग्रजी जहाजाने केलेला पाठलाग वर्णिला आहे. तो एका छोट्या इटालियन प्रवासी बोटीवरून काहींनी पाहिला. अमेरिकन वकिलाची मुलगी, जावई आणि तीन नातवंडे कॉन्स्टँटिनोपलला चालली होती, एवढाच तेथे उल्लेख. त्या तिघांतील दोन वर्षांची नात म्हणजे लेखिका स्वतः. पुस्तकात हे त्यांनी कोठेही सांगितलेले नाही.