बोर्डिंग, डबा आणि पास

ग्रामीण महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा इतिहास आपण बहुधा संस्थांच्या स्थापनेचा इतिहास म्हणून शिकवतो. कोणते महाविद्यालय कोणी काढले, विद्यापीठ कोणत्या वर्षी झाले, हे आपल्याला सांगता येते. विद्यार्थी त्या महाविद्यालयाच्या दारापर्यंत कसा पोहोचला आणि त्या पोहोचण्याचे पैसे कोणी भरले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारला की याच इतिहासाचे टप्पे निराळे दिसू लागतात, असे आम्हांला वाटते.

पहिला टप्पा बोर्डिंगचा. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. या व्यवस्थेत शिकायचे म्हणजे घर सोडायचे. अंतर एकदाच, सामान डोक्यावर घेऊन, कापायचे आणि नंतर सुटीतच परतायचे. साहजिकच तेथील मुख्य प्रश्न भाड्याचा नव्हता, भाकरीचा होता. ‘कमवा आणि शिका’ या सूत्रामागे तोच प्रश्न उभा आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. एस.टी. खेडोपाडी पोहोचली तसा एक मधला टप्पा आला. विद्यार्थी शहरात खोली करून राही आणि घरचा डबा सकाळच्या गाडीने त्याच्याकडे येई. माणूस जागेवर आणि अन्न प्रवासात, अशी ही रचना होती. स्थानकावर डब्याची वाट पाहत उभी असलेली मुले हे तालुक्याच्या गावांतील नित्याचे दृश्य होते.

तिसरा टप्पा पासाचा. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली आणि शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले, तालुक्यांच्या ठिकाणी महाविद्यालये निघाली. त्याच सुमारास, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना शुल्कमाफी मिळाली. ‘ई.बी.सी.’ हा शब्द घराघरांत गेला. शुल्क माफ झाले, अंतर मात्र माफ झाले नाही. ते आता वर्षातून दोनदा नव्हे, तर रोज दोनदा कापायचे होते. या अंतराची भरपाई करण्यासाठी सवलतीचा मासिक पास आहे. महाविद्यालयाचे बोनाफाईड दाखवून मिळणाऱ्या या पासात भाड्याच्या तीन रुपयांपैकी सुमारे दोन रुपयांची सवलत असते, उरलेला एक रुपया विद्यार्थी भरतो. भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने मोजले जाते. त्यामुळे टप्प्याच्या जरा पलीकडे घर असले तरी पुढच्या टप्प्याचे पैसे पडतात.

या पासाने सर्वांत मोठा फरक मुलींच्या शिक्षणात घडवला, असे आमचे मत आहे. मुलीला परगावी वसतिगृहात ठेवण्यास जे घर राजी होत नाही, ते ‘संध्याकाळी परत येते’ एवढ्या आश्वासनावर तिला गाडीत बसवते. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून आज बारावीपर्यंतच्या मुलींना पास विनामूल्य आहे. परंतु पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेताच तिच्या प्रवासाला किंमत लागते. स्थळे येऊ लागण्याचे आणि घरात हिशेब होण्याचे वयही नेमके तेच. मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना एस.टी.चे तिकीट अर्धे झाले, तरी रोज जाणारीला अर्ध्यापेक्षा एक तृतीयांश भाड्याचा पासच परवडतो.

पासधारक विद्यार्थी पैशांखेरीज आणखी एका चलनात किंमत मोजतो. ते चलन म्हणजे वेळ. मुक्कामी गाडी पहाटे गावातून निघते तेव्हा तो निघतो. दुपारची फेरी चुकली की त्याला थेट संध्याकाळपर्यंत थांबावे लागते. म्हणून दुपारचा तास, ग्रंथालय, वक्तृत्व मंडळ, भित्तिपत्रक यांत तो दिसत नाही. आपण त्याला उदासीन म्हणतो. वास्तविक त्याचे वेळापत्रक आगाराने ठरवलेले असते.

सवलतीची मर्यादा २०२१ साली उघड झाली. कोरोनानंतर महाविद्यालये २० ऑक्टोबरला उघडली आणि महिनाअखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा विलीनीकरणासाठीचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या मागणीच्या योग्यायोग्यतेत आम्ही येथे शिरत नाही. पण गाडीच नसेल तर पास हा केवळ छायाचित्र लावलेला कागद उरतो. वडाप किंवा काळी-पिवळीत तो चालत नाही, तेथे पूर्ण भाडे रोख मोजावे लागते. ज्यांना ते झेपत नव्हते, त्यांच्यासाठी महाविद्यालय उघडूनही बंदच होते.

आपल्या साहित्याने या इतिहासाची नोंद किती घेतली? प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’पासून आनंद यादव यांच्या ‘झोंबी’पर्यंत शिक्षणासाठीच्या धडपडीची आत्मकथने आपल्याकडे समृद्ध आहेत. त्यांतील संघर्ष भुकेचा, जातीचा, घरातल्या विरोधाचा आहे. रोज ये-जा करणाऱ्या पिढीचे, विशेषतः त्यातल्या मुलींचे, तेवढ्या तोलामोलाचे आत्मकथन आमच्या वाचनात नाही. भुकेसारखी या अनुभवाला तीव्रता नाही. रोज थोडी थोडी झीज, एवढेच त्याचे स्वरूप. झिजेचे लेखन अवघड असते, पण म्हणून ते अनावश्यक ठरत नाही.

तोवर आपण शिक्षकांनी निदान एक गोष्ट करावी. ७५ टक्के उपस्थितीच्या नियमात न बसणाऱ्यांची यादी फलकावर लावण्यापूर्वी, त्या महिन्यात रद्द झालेल्या फेऱ्यांची माहिती आगारातून मागवावी आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत.