बदललेल्या रायफलीचे मोल

अमेरिकी सैन्याने १९०३ साली स्वीकारलेली स्प्रिंगफील्ड रायफल पुढे हजारो शिकाऱ्यांच्या हाती गेली. त्यांनी नळीखालचे लाकूड कापले, लष्करी माशी काढली, दुर्बीण बसविली. जुनी लष्करी रायफल तेव्हा स्वस्त होती. अशा कामाने तिची किंमत वाढते, असाच समज होता. आज मूळ रूपातली रायफल दुर्मिळ झाली, आणि पारडे फिरले.

मग बदललेल्या रायफलीचे वाजवी मोल कसे ठरवावे? आम्ही तीन प्रश्न विचारू. काय गेले? नळी आखूड केली नसेल, पोलादास भोके पाडली नसतील, तर मूळ रूप परत आणता येते. काम कोणाचे? न्यूयॉर्कच्या ग्रिफिन अँड हाऊसारख्या नामांकित कारागिरांचे काम स्वतःच मोलाचे ठरते. पोलाद कसे? स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यातील ८,००,००० च्या आतील क्रमांकांपैकी कित्येक रायफली, पोलादाला पाणी देण्यात चूक झाल्याने, ठिसूळ निघाल्या. १९१८ मध्ये ती पद्धत बदलली. असली रायफल भिंतीवर शोभावी, खांद्याला लावू नये.

मालकाने केलेला खर्च मात्र या हिशेबात कोठेच येत नाही. त्याला हे कटू वाटेल. पण इतिहासाची साक्ष पुसण्याची मजुरी पुढच्या गिऱ्हाइकाने का द्यावी?