परसातील कोंबड्यांचे जंत: आधी ओळख, मग औषध

परसातील कोंबड्या उकिरडा उकरून किडे, गांडुळे खातात. खाद्याचा खर्च वाचतो, पण जंतांचा शिरकावही याच वाटेने होतो. तुरा फिका पडला, खाऊनही वजन भरेना, अंडी कमी झाली, की बहुतेक पशुपालक दुकानातून पायपराझीनची बाटली आणतात. ती लागू पडेलच असे नाही.

पायपराझीन मुख्यतः मोठ्या गोलकृमींवर चालते. हे पांढरट, शेवयांसारखे कृमी लहान आतड्यात राहतात. पट्टकृमींवर मात्र या औषधाचा उपयोग नाही. पट्टकृमीचे तुटलेले तुकडे ताज्या विष्ठेत भाताच्या शितांसारखे दिसतात. त्यासाठी पशुवैद्यकाकडून वेगळे औषध घ्यावे. विष्ठेत रक्त असेल तर बहुधा ती रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. तिथे जंतनाशक देण्यात वेळ जातो आणि पिले मरतात. शंका असल्यास ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावी.

गोलकृमींसाठी मोठ्या पक्ष्याला १०० मि.ग्रॅ. आणि सहा आठवड्यांखालील पिलाला ५० मि.ग्रॅ. पायपराझीन लागते. म्हणजे दहा मोठ्या कोंबड्यांना १ ग्रॅम. बाटल्यांमधील औषधाचे प्रमाण वेगवेगळे असते, त्यामुळे झाकणाने मोजण्याऐवजी लेबल वाचून हिशेब करावा. रात्री खुराड्यात पाणी ठेवू नये. सकाळी दोन-तीन तासांत संपेल एवढ्याच पाण्यात औषध मिसळावे व तोवर पक्षी कोंडूनच ठेवावेत. मोकळे सोडले तर ते गोठ्याजवळच्या डबक्यातले पाणी पितात आणि औषध तसेच राहते.

आतड्याच्या आवरणात शिरलेल्या अळ्या या मात्रेतून वाचतात. म्हणून साधारण तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा हवीच. ती बहुतेक घरी चुकते.

जंतांची अंडी ओलसर, सावलीच्या जमिनीत महिनोन्‌महिने टिकतात. फिनाईलने सहसा मरत नाहीत, कडक ऊन आणि कोरडेपणाने मरतात. त्यामुळे विष्ठा वारंवार काढावी, शक्य असेल तर खुराड्याची जागा बदलावी. तीन महिन्यांखालील पक्ष्यांना जास्त त्रास होतो; ते मोठ्यांपासून वेगळे ठेवावेत. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर विष्ठा तपासून गरजेप्रमाणे जंतनाशक द्यावे. राणीखेतची लस द्यायची असल्यास ते आठवडाभर आधी उरकावे. औषधानंतर अंडी व मांस किती दिवस वापरू नये, हे पशुवैद्यकाला विचारून घ्यावे.